पहिली ओढ

धोंडप्पांना कलबुर्गीला न्यायचे आणि दिवस मावळायच्या आत हुलसूरकडे परत आणायचे, एवढेच काम त्या मंगळवारी माझ्याकडे होते. दिवा जरा इकडे सरकवा. माझी नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि हे सांगत असताना समोर माणसाचा चेहरा दिसत राहिलेला बरा वाटतो.

मी आयुष्यभर लोकाचारांचा अभ्यास केला, हे तुम्हांला ठाऊक आहे. उदगीरला शिकवत असताना सुट्या लागल्या की सीमेवरच्या गावांतून हिंडायचे, माणसे काय करतात ते टिपायचे आणि ती तसे का करतात याचा अर्थ लावायचा, असा माझा क्रम होता. टिपण्याचे काम मला बरे जमले. अर्थ लावण्याविषयी मात्र आता तितकी खात्री उरलेली नाही.

धोंडप्पा हुलसूरजवळच्या एका खेड्यातले. शेती होती, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख गळ टाकणारा म्हणून. विहिरीत घागर पडो, मोटारीचा पाईप पडो की माणूस पडो, बोलावणे त्यांनाच जाई. त्यांचा गळ म्हणजे एका लोखंडी कड्याभोवती वाकवलेले आकडे आणि वर साठ हात दोर. तो घेऊन ते विहिरीच्या कडेला उभे राहिले की जमलेली माणसे आपोआप गप्प होत.

वीसेक वर्षांपूर्वी त्यांनीच मला तो आचार सांगितला. गळाला पहिल्यांदा जे लागेल ते पाण्याचे. कुजकी फांदी असो, कुणाची चप्पल असो, त्याच्याकडे न पाहता, पाठ फिरवून, ते पुन्हा पाण्यात सोडायचे. याला ते ‘पहिली ओढ’ म्हणत. खरा शोध त्यानंतर सुरू व्हायचा. माणूस बुडालेला असेल, तर पहिल्याच ओढीला तोच लागेल या धास्तीने ते आधी फडक्यात बांधलेला एक दगड आपणच पाण्यात टाकत, तोच गळाने वर काढत, आणि मोठ्याने बजावत, “ह्यो दगुड हाय. माणसाच्या बदल्यात देयलोय.” मग दगड परत आत.

यावर मी एक दीर्घ लेख लिहिला होता. भयाला कामाच्या आधीच वाट करून देणारी ही एक सामूहिक युक्ती आहे, असा माझा निष्कर्ष होता. लेख धोंडप्पांना वाचून दाखवला तेव्हा ते मनापासून हसले.

“लिवा की तसं. पर पाण्याला कुठं वाचाया येतंय, मास्तर?”

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. बिदरच्या सोनोग्राफीत मूत्राशयाच्या वरच्या भिंतीवर लिंबाएवढी गाठ दिसली. कलबुर्गीच्या एका खासगी रुग्णालयात दुर्बीण घालून पाहण्याचा प्रयत्न झाला. पण जुन्या दुखण्याने मूत्रमार्ग इतका आवळलेला होता की दुर्बीण आत गेली नाही. तेव्हा ठरले असे की पोटावरूनच, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत, गाठीपर्यंत सुई न्यायची आणि तिचे दोन-तीन बारीक तुकडे काढून तपासायला पाठवायचे. गाठ साधी की कर्करोगाची, हे त्याशिवाय कळणार नव्हते, आणि कळल्याशिवाय उपचार सुरू होणार नव्हते.

धोंडप्पांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच अट घातली.

“पहिला तुकडा माझ्या विहिरीत सोडायचा. बाकीचे तुमचे. आन् मास्तरांनी तो पाठ फिरवून घ्यायचा.”

त्यांची मुलगी विजयश्री औरादहून मुद्दाम आलेली होती. ती वैतागली. “अप्पा, ती विहीर हाय का? दवाखाना हाय त्यो!”

“माझ्या पोटात पाणी हाय का न्हाई?”

“हाय.”

“त्यात आकडा जाणार का न्हाई?”

“सुई, अप्पा. सुई!”

“बारका आकडाच म्हण की,” ते म्हणाले. “आजवर मी लोकाच्या पाण्यात टाकत आलो. आता ही बाई माझ्या पाण्यात टाकणार. कायदा तोच.”

ही बाई म्हणजे डॉक्टर नेत्रावती. वय चाळिशीच्या आतले, बोलणे मोजके, मराठीत मध्येच कानडी. मी अट सांगितली तेव्हा त्यांनी ती हसण्यावारी नेली नाही. तीन-चार तुकडे काढायचेच आहेत, पहिल्यात बहुधा रक्तच येते, तो दिला तरी चालेल, असे त्या म्हणाल्या. मी तसा शब्द धोंडप्पांना दिला. हा शब्द मी दिला होता, डॉक्टरांनी नव्हे. हे लक्षात ठेवा.

खोली लहान होती आणि थंड. स्पिरिटचा वास, आणि त्याच्या खाली दुसरा एक, नाकाच्या मुळाशी झोंबणारा वास होता. काढलेला तुकडा सडू नये म्हणून ज्या औषधात बुडवतात त्या फॉर्मॅलिनचा. दानम्मा नावाच्या परिचारिकेने तीन बुटक्या बाटल्या त्या औषधाने भरून ओळीने मांडल्या होत्या. मूत्राशय भरलेले असले म्हणजे पडद्यावर नीट दिसते, म्हणून धोंडप्पांना सकाळपासून पाणी पाजले होते.

“विहीर काठोकाठ हाय, बाई,” ते टेबलावरून म्हणाले. “लवकर करा, न्हाईतर उपसा सुरू व्हईल.”

“अज्जा, बोलू नका. पोट हलतंय.”

डॉक्टरांनी पोटावर सोनोग्राफीचा प्रोब टेकवला आणि पडदा उजळला. मूत्राशय पडद्यावर काळे दिसते. जिथे द्रव असतो तिथे पूर्ण काळे. ते चित्र मी प्रथमच पाहत होतो. करड्या दाण्यांच्या मध्ये एक काळेभोर पाणी आणि त्याच्या वरच्या काठाला चिकटलेला एक राखी गोळा. वरून वाकून विहिरीत पाहावे तसेच ते होते, आणि ही उपमा मला सुचली याचा मला त्या क्षणी रागही आला.

मी धोंडप्पांच्या उशाशी, पाठ फिरवून उभा राहणार होतो. उभा राहिलोही. पण भिंतीवर औषधांचे काचेचे कपाट होते आणि त्यात पडदा स्वच्छ उमटत होता. अभ्यासकाची सवय म्हणा... मी पाहत राहिलो.

बधिर करण्याचे इंजेक्शन झाले. मग वरच्या कोपऱ्यातून एक पांढरी, सरळ, चकाकती रेघ पडद्यावर उतरू लागली. ती सुई. ती गोळ्यापाशी येऊन थांबली.

“उसिरु हिडिरि... श्वास धरा.”

टक् असा आवाज झाला. सुई झटक्याने पुढे सोडणाऱ्या कमानीचा. त्याच क्षणी पडद्यावरचे काळे पाणी थरथरले.

“हलू नका, अज्जा.”

“मी न्हाई हललो,” धोंडप्पा हळूच म्हणाले.

डॉक्टरांनी सुई काढली आणि पहिल्या बाटलीत तुकडा सोडला. पाठ फिरवलेलीच होती, तरी मी काचेत तोही पाहिला. दोऱ्याएवढा, पांढरट, बोटाच्या पेराएवढ्या लांबीचा. तो तरंगला नाही. सरळ तळाशी जाऊन बसला.

पुढच्या दोन वेळा काम नीट झाले नाही. सुई जवळ गेली की गोळा किंचित बाजूला सरकल्यासारखा व्हायचा. तिसऱ्या वेळेनंतर रक्त येऊ लागले आणि डॉक्टरांनी काम थांबवले. धोंडप्पांना बाहेर नेल्यावर त्यांनी मला आणि विजयश्रीला बाजूला घेतले.

“सर, अडचण झालीय. पहिलाच तुकडा उत्तम आलाय. दुसरा-तिसरा म्हणजे नुसता चुरा. पहिला मी देऊ शकत नाही.”

“मी त्यांना शब्द दिला आहे.”

“गाठ वाईट असेल तर एकेक आठवडा मोलाचा आहे. मग पुन्हा सुई घालायची का?”

विजयश्रीने माझा हात धरला. “काका, अप्पाला काय सांगायचं ते तुमी सांगा. पर ती बाटली लॅबला जाऊ द्या. तुमाला हात जोडून सांगते.”

इथे मी जे केले ते केवळ माझ्यासारख्यालाच सुचले असते. बळीच्या ठिकाणी कोहळा फोडतात, माणसाच्या ठिकाणी कणकेचा पुतळा वाहतात. बदली वस्तू स्वीकारली जाते, हे मी पन्नास ठिकाणी नोंदवलेले होते. म्हणून मी डॉक्टरांकडे तशीच एक रिकामी बाटली मागितली आणि दानम्माला तिच्यात चमचाभर सलाईन घालायला सांगितले.

बाटली देताना दानम्मा घुटमळली. “सर, हे नुसतं सलाईन हाय. तेवढं सांगून टाका म्हंजे झालं.”

“धोंडप्पांना? मग उपयोग काय?”

“त्येंला न्हाई हो. ज्येला द्यायलाव त्येला.”

मी हसलो. वास्तविक ती जे सांगत होती ते माझ्याच लेखात, माझ्याच अक्षरात होते. बदली द्यायची तर ही बदली आहे असे उच्चारून द्यावी लागते, नाहीतर घेणारा खरी वस्तू स्वतःच ओढून नेतो. कोहळा देताना कुणी त्याला बकरा म्हणत नाही. पण माझ्या मते फसवायचे होते ते फक्त एका म्हाताऱ्या माणसाला, आणि तेही त्याच्या भल्यासाठी.

हुमनाबाद, बसवकल्याण करत आम्ही साडेचारच्या सुमारास धोंडप्पांच्या शेतात पोहोचलो. तूर कापणीला आलेली होती. वारा पडलेला होता. धोंडप्पा पोट धरून, विजयश्रीच्या खांद्यावर भार टाकत विहिरीपाशी आले आणि पाण्याकडे पाठ करून, पूर्वी मोटेचे पाणी पडायचे त्या थारोळ्याच्या दगडावर बसले.

“सोडा, मास्तर.”

मीही पाठ फिरवली. हात मागे, विहिरीवर नेला, झाकण उघडले, बाटली उपडी केली. चमचाभर सलाईन. त्याचा काही आवाज यायला नको होता, आणि आला नाही. मी बाटलीचे झाकण लावत होतो, तेव्हा खालून वास आला.

फॉर्मॅलिनचा. सलाईनला वास नसतो. तो वास विहिरीतून वर येत होता, दाट, नाकाच्या मुळाशी झोंबणारा. पाण्यात त्याचे पिंप ओतल्यासारखा. विजयश्रीने पदर नाकाला लावला. मी तिच्याकडे पाहिले. तिने नजर चुकवली.

धोंडप्पांचे मात्र समाधान झालेले दिसले. “घेतलं,” ते म्हणाले. मग मागे विहिरीकडे कान देऊन, “पर लई हळू घेतलं... वळखून घेतल्यावानी.”

मी वासाची कारणे शोधली. माझ्या हातांना, कपड्यांना दवाखान्यातला अंश चिकटलेला असेल. वारा पडला की वास साचतो. ही कारणे मी त्या रात्री वहीत नोंदवूनही ठेवली. ती अजून मला चुकीची ठरवता आलेली नाहीत.

अकराव्या दिवशी डॉक्टर नेत्रावतींचा फोन आला. त्यांनी प्रथम विजयश्रीऐवजी मला फोन केला, यावरूनच मला काहीतरी कळायला हवे होते.

“सर, पहिल्या बाटलीत तुम्ही तुकडा पाहिला होता ना?”

“पाहिला होता. तळाशी गेला होता.”

“मीपण पाहिला. मीच घातला. लॅबवाले म्हणतात, बाटलीत काही नव्हतं. सील शाबूत, सही माझी, कशालाही हात लागलेला नाही. आत नुसतं पाणी.”

“फॉर्मॅलिन?”

“नाही. पाणी. फॉर्मॅलिनचा वाससुद्धा नाही. तळाशी हिरवं... शेवाळासारखं काहीतरी. ते पहिल्यांदा मलाच रागावले, हे कसलं पाठवलंत म्हणून.” मग त्या म्हणाल्या, “दुसऱ्या-तिसऱ्यावरून निदान होत नाही. परत करावं लागेल. सर, तुम्ही ती बाटली बदलली तर नाहीत ना?”

मी बदलली नव्हती. बाटल्या दानम्माने माझ्यासमोर सील केल्या आणि डॉक्टरांनी स्वतः डब्यात ठेवल्या. मी तसे सांगितले. त्यांचा विश्वास बसला. आणि तो बसल्यामुळेच त्यांचा आवाज बदलला.

“हे मी कागदावर काय लिहू?” त्या म्हणाल्या.

विजयश्रीला आम्ही एवढेच सांगितले, की तुकडा अपुरा पडला. ती रडली नाही. “अकरा दिवस गेले, काका,” ती म्हणाली. “अप्पाचं रक्त वाढलंय. आता अजून उशीर न्हाई करायचा.”

धोंडप्पा मात्र परत सुई म्हटल्यावर विचारात पडले. त्यांना कारण पटत नव्हते. पहिली ओढ दिल्यावर पुढचे सगळे सरळ लागते, हा त्यांचा पन्नास वर्षांचा अनुभव होता. गाडीत हुमनाबादच्या पुढे ते एकदाच म्हणाले, “दिल्यावर पुन्हा लागत न्हाई, मास्तर. दिलं नसलं, तरच...” आणि वाक्य तसेच सोडून खिडकीबाहेर पाहू लागले.

तीच खोली. तोच थंडपणा. या वेळी सकाळचे अकरा वाजले होते आणि व्हरांड्यात ऊन होते. दार लावल्यावर ते बाहेरच राहिले. डॉक्टरांनी परिचारिका बदललेली नव्हती. दानम्मा बाटल्या मांडत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती.

डॉक्टर हात धुऊन आल्या. पोटावर जेल लावले, प्रोब टेकवला. काळे पाणी उजळले... म्हणजे त्याच्या कडा उजळल्या. ते काळेच होते. गाठ तिथेच होती. पूर्वीपेक्षा थोडी मोठी.

“चार तरी तुकडे लागतील आज,” डॉक्टर म्हणाल्या. “अज्जा, तयार?”

“थांबा वाईच.” धोंडप्पांनी मान वळवली. त्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता, हे मला सांगितलेच पाहिजे. लहान मुलाने उंच पायरीवरून उतरताना वर पाहावे, तसे ते माझ्याकडे पाहत होते. “मास्तर, एकच सांगा. पहिली ओढ खरंच दिलती न्हवं? मी तुमच्या भरवशावर हितं पडलोय. दिली नसली तर आत्ता सांगा, मी उठतो. पाण्याला मी समजावीन. मला येतंय ते.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. दाराच्या गोल काचेतून विजयश्रीचा चेहरा दिसत होता. तिने दोन्ही हात जोडलेले होते.

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय म्हणाला असतात? खरे सांगितले असते तर ते टेबलावरून उठले असते, आणि परत त्या टेबलावर कधी आले असते, हे कुणी सांगावे? अकरा दिवसांचे अकरा आठवडे झाले असते. मी तर्काने विचार केला. आयुष्यभर तेच केले होते. माझा तर्क आजही मला निर्दोष वाटतो.

“दिली, धोंडप्पा,” मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. “मग झालं,” ते म्हणाले.

दानम्माच्या हातून एक झाकण फरशीवर पडले आणि गोल फिरत राहिले. मी कपाटाच्या काचेत पाहिले. पडद्यावर काळे पाणी पूर्ण निश्चल होते. मग त्याच्या अगदी खालच्या काठाशी, जिथे काहीच नसायला हवे तिथे, एक पांढरी, सरळ, चकाकती रेघ उमटली. ती सावकाश वर येऊ लागली, पाण्याने आपणच टाकलेल्या गळासारखी. गाठीकडे ती गेली नाही. तिला ओलांडून ती पुढे निघाली, आणि टेबलावर धोंडप्पांचा श्वास मध्येच अडकला.

“बाई...” ते पुटपुटले. “हळू. लई खोल घातली तुमी.”

मी काचेवरून नजर काढली आणि मागे वळून पाहिले.

डॉक्टर नेत्रावतींच्या एका हातात प्रोब होता. दुसरा हात रिकामा होता. सुई अजून ट्रेमध्ये, बंद वेष्टनात पडलेली होती.